तपासनिसाचा विमा कोण उतरवतो?

27 एप्रिल 1865च्या पहाटे अमेरिकेत मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत ‘सुलताना’ आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजारावर माणसे दगावली. गृहयुद्ध संपवून घरी निघालेले सैनिक त्यांत सर्वाधिक. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड शहरात एक कंपनी निघाली. ती आधी बॉयलर तपासायची आणि मगच विमा उतरवायची. इंग्लंडमध्ये विल्यम फेअरबर्न यांच्यासारख्यांनी 1854 मध्येच मँचेस्टरला स्फोट टाळण्यासाठी संघटना उभी केली होती. आपल्याकडे 1863 मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटला, 1864 मध्ये बंगालचा तपासणी कायदा आला आणि 1923 मध्ये देशभरासाठी एकच कायदा झाला.

हार्टफर्डच्या पद्धतीत चूक झाली तर भुर्दंड तपासणाऱ्यालाच पडे. म्हणून नजर कडक राहिली. आज आपल्याकडे तपासणी आणि विमा बहुधा वेगळ्या हातांत असतात. बिल कारखाना देतो आणि दाखल्यावर सही मात्र तपासनिसाची असते.

त्या सहीचे वजन ब्राझीलमध्ये दिसले. 25 जानेवारी 2019 रोजी ब्रुमाजिन्योचा खाणगाळाचा बांध फुटून 270 बळी गेले. ट्यूव्ह झ्यूड या नामांकित जर्मन संस्थेच्या ब्राझीलमधील उपकंपनीने काही महिन्यांपूर्वीच तो स्थिर असल्याचा दाखला दिला होता. संस्थेने कायदेशीर जबाबदारी नाकारली, पण ब्राझीलमध्ये आरोप दाखल झाले आणि जर्मनीतही दावे पोचले.

तारापूर-पाताळगंगेच्या पट्ट्यात काम करणाऱ्या छोट्या तपासणी एजन्सीचे काय? पाइपच्या बेंडची जाडी मोजायची आहे असे धरा. जेल लावून अल्ट्रासॉनिक गेजचा प्रोब टेकवला की आकडा येतो. पण रंग न खरवडता साधे गेज लावले, तर ते रंगाची जाडीही धातूत धरते. शिवाय ध्वनी रंगातून सावकाश जात असल्याने ती प्रत्यक्षाहून जास्त दाखवते. झिजलेला बेंड कागदावर ठणठणीत ठरतो. तपासणीची फी काही हजारांची, बेंड फुटला तर नुकसान कोटींचे.

इथे व्यावसायिक चुकीची भरपाई करणारी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी कामी येते. तिची खोच नीट समजून घ्या: काम केले त्या वर्षाची पॉलिसी पैसे देत नाही, दावा येतो त्या वर्षाची देते. 2022 मध्ये तपासणी झाली, 2024 मध्ये विमा कंपनी बदलताना मागची रेट्रो तारीख (जिच्या आधीच्या कामाला संरक्षण नसते ती) तुटली आणि 2025 मध्ये दावा आला, तर हाती काही लागत नाही. धंदा बंद केल्यावरही जुन्या दाखल्यांसाठी संरक्षण चालू ठेवावे लागते. 1991चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाला बांधतो. तपासनिसाला त्याची ढाल नाही. शिवाय सामान्य दायित्व पॉलिसीत व्यावसायिक सल्ल्यातली चूक बहुधा वगळलेली असते. इरिडियम-192 वापरून रेडिओग्राफी करणाऱ्यांनी किरणोत्साराचे अपवर्जन तर डोळ्यांत तेल घालून वाचावे.

तरीही माझ्या मते पहिला विमा म्हणजे रिपोर्ट. कुठले इन्सुलेशन उघडले नाही, कुठे मचाण नसल्याने हात पोचला नाही, गेजचे कॅलिब्रेशन कधीचे, हे त्यात लिहिलेच पाहिजे. ‘सर्व समाधानकारक’ एवढेच लिहिणारा तपासनीस न पाहिलेल्या भागाचीही हमी देऊन बसतो. वर्क ऑर्डरमध्ये अमर्याद भरपाईचे कलम दिसले तर जबाबदारीची मर्यादा लिहून मागा. कारखाना ती देत नसेल, तर ते काम सोडा.