श्वान-पैदाशीचा व्यवसाय आणि प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा

सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलमधील एखाद्या कुटुंबाने जातिवंत कुत्र्याचे पिलू विकत घेतले, अशी कल्पना करू. पिलाचे छायाचित्र मोबाईलवर आले, मध्यस्थाने ते घरपोच आणून दिले आणि किंमत चुकती झाली. या व्यवहारात एक घटक सर्वस्वी अदृश्य राहिला. तो म्हणजे त्या पिलाची आई. ती कोठे आहे, तिचे वय काय, हे तिचे कितवे वेत, यांपैकी काहीही ग्राहकास ठाऊक नसते. विद्यमान कायदा या मादीपर्यंत कितपत पोहोचतो आणि तो बळकट करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुत्र्यांची पैदास करणे हे स्वतः क्रौर्य नव्हे. दख्खनच्या खेड्यांतून कारवान जातीची शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहेत. तेथे पिलू घेणाऱ्यास दारातच मादीही पाहावयास मिळते. प्रश्न निर्माण होतो तो मादीला केवळ उत्पादनाचे साधन मानणाऱ्या व्यवसायामुळे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती सामान्यतः वर्षातून दोनदा माजावर येते. प्रत्येक माजाच्या वेळी तिला फळविण्याचा मोह व्यापाऱ्यास होतो. अरुंद पिंजरा, सततची गर्भधारणा आणि अपुरे पोषण यांनी तिचे शरीर झिजते. पिलांचीही हानी होते. स्कॉट व फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे पिलाच्या सामाजिक वर्तनाची जडणघडण साधारणतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात होते. या काळाच्या आरंभीच ज्याला आईपासून तोडले जाते, ते पिलू पुढे भित्रे वा आक्रमक होण्याची शक्यता वाढते. पार्व्होसारख्या रोगाची लक्षणे तर संसर्गानंतर काही दिवसांनी दिसतात; तोवर विक्री होऊन गेलेली असते.

आता कायद्याकडे वळू. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून या विषयास चालना मिळाली आणि त्यातूनच पुढे प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० हा कायदा झाला. त्यान्वये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत. या अधिनियमाखाली २०१७ मध्ये श्वान-पैदास व विक्रीचे नियम करण्यात आले आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधीचे नियम झाले. २०१७ च्या नियमांनी पैदासकारास राज्य जीवजंतु कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक केले. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलाची विक्री निषिद्ध ठरविली. मादीचे वय किमान १८ महिने असावे, ते आठ वर्षांहून अधिक नसावे आणि तिच्यावर आयुष्यात पाचांहून अधिक वेते लादू नयेत, अशा मर्यादाही घातल्या.

हे नियम समंजस आहेत. परंतु त्यांना आधार देणारा मूळ अधिनियम दुबळा आहे. कलम ३८ नुसार नियमभंगास जास्तीत जास्त शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ११ खालील क्रौर्याच्या पहिल्या अपराधास तर दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड सांगितला आहे. एका जातिवंत पिलाची किंमत हजारांच्या घरात असताना हा दंड म्हणजे व्यवसायातील एक किरकोळ खर्च ठरतो. शिवाय मादीला अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे किंवा तिला पुरेसे अन्न न देणे हे अपराध अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही.

याहूनही महत्त्वाची अडचण कलम ३६ मध्ये आहे. अपराध घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही, तर तो पुढे दाखल करता येत नाही. मादीवरील अन्याय मात्र एका दिवसात घडत नाही. पाच वेतांची मर्यादा कित्येक वर्षांनी ओलांडली जाते आणि तिची गणना मादीकडे पाहून होत नाही, ती नोंदींवरूनच होते. अपराध वर्षांच्या मापाने चालतो आणि कायदा महिन्यांच्या मापाने मोजतो. विद्यमान व्यवस्थेतील मूलभूत विसंगती ती हीच. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ पाच वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते खरे. पण ते प्राण्यास ठार मारणे, विष देणे, विकलांग करणे वा निरुपयोगी करणे अशा कृत्यांसाठी आहे. पिंजऱ्यातील संथ झीज त्याखाली सिद्ध करणे कठीण आहे.

इंग्लंडचा अनुभव येथे उद्‌बोधक आहे. वेल्समधील एका पैदास-केंद्रातून २०१३ मध्ये सुटका झालेल्या ल्यूसी नावाच्या कुत्रीवरून ओळखला जाणारा कायदा तेथे ६ एप्रिल २०२० रोजी अमलात आला. त्यान्वये सहा महिन्यांखालील पिलांची व्यापारी मध्यस्थामार्फत विक्री बंद झाली. २०२१ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. दोन उपाय एकामागोमाग आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे: पहिल्याने मादी ग्राहकाच्या दृष्टिपथात आणली, दुसऱ्याने शिक्षेला वजन दिले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नागराज खटल्यातील निर्णयात या अधिनियमातील शिक्षा अपुऱ्या असल्याचे नमूद केले. २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीचा मसुदाही प्रसिद्ध केला. तो अद्याप कायद्यात उतरलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते केवळ दंडवाढ पुरेशी होणार नाही. दंड व्यवसायातील नफ्याच्या प्रमाणात असावा. मुदतीची गणना अपराध उघडकीस आल्याच्या दिवसापासून व्हावी. आणि प्रत्येक पिलाची नोंद त्याच्या आईच्या मायक्रोचिप क्रमांकाशी जोडली जावी. यामुळे प्रामाणिक लहान पैदासकारावर भार पडेल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु जो मादी दाखवूनच पिलू देतो, त्यास तिचा क्रमांक लिहून देणे जड नाही.

नवीन पनवेलमधील त्या कुटुंबाच्या हाती पिलाबरोबर असा एक कागद आला, तर आईचे वय आणि वेतांची संख्या ताडून पाहणे त्यास शक्य होईल. आज त्याच्या हाती केवळ पैसे दिल्याची पावती येते, आणि पुष्कळदा तीही येत नाही.