कामाची गोडी

शाळेच्या बागेतील झाडांना पाणी घालण्याचे काम दोन मुलांवर सोपविलेले आहे, असे समजा. पहिला मुलगा घंटेकडे कान लावून बादल्या मोजतो. वीस बादल्या झाल्या, की त्याचे काम संपले. दुसराही वीसच बादल्या ओततो. परंतु ओतता ओतता त्याच्या ध्यानात येते, की जास्वंदीच्या बुंध्याशी पाणी साचून राहते आणि पलीकडच्या पेरूच्या आळ्यातून ते वाहून जाते. तो जास्वंदीच्या आळ्यास वाट करून देतो व पेरूच्या आळ्यास मातीचा बांध घालतो. आठ दिवसांनी पहिल्या मुलास ते काम नकोसे होते. दुसरा मात्र सकाळ केव्हा होते याची वाट पाहत असतो. काम तेच, बादल्याही तितक्याच. मग हा फरक कशाने पडला?

पुष्कळांचा समज असा असतो, की काही कामे मुळातच गोड असतात व काही मुळातच कंटाळवाणी. आपल्या वाट्यास गोड काम आले, की आपण ते मन लावून करू, असे ते म्हणतात व त्या शुभ दिवसाची वाट पाहत बसतात. पण आंब्यात रस असावा तशी गोडी कामात आयती भरलेली नसते. काम आपण जसजसे समजून घेतो, तसतशी ती उत्पन्न होते. हे काम कशासाठी आहे? ते कशाने बिघडते व कशाने सुधारते? आपल्या हातून ते पुढे कोणाच्या हाती जाते? असे प्रश्न मनात उभे राहू लागले, म्हणजे कंटाळ्यास तेथे जागा उरत नाही.

हे केवळ उपदेशाचे बोल नव्हेत. मुंबई शहरात होऊन गेलेल्या एका गृहस्थांच्या चरित्रात याचा उत्तम दाखला मिळतो. त्यांचे नाव जावजी दादाजी.

जावजींचा जन्म 1839 साली एका गरीब कुटुंबात झाला. घरची स्थिती अशी, की शिक्षण बाजूला ठेवून लहान वयातच त्यांस नोकरी पत्करावी लागली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, अवघ्या दोन रुपये पगारावर, खिळे घासण्याचे काम त्यांस मिळाले. आज एवढ्या कोवळ्या मुलास कारखान्यात राबविण्यास कायद्याची बंदी आहे, व ती योग्यच आहे. पण त्या काळी गरिबाच्या मुलास दुसरा मार्ग नसे.

खिळे घासणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावयास हवे. आता पुस्तके संगणकावर जुळविली जातात. त्या काळी मात्र प्रत्येक अक्षराचा धातूचा एकेक लहानसा तुकडा असे. त्यास खिळा म्हणत. प्रथम कुशल कारागीर पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटे कोरी. तो ठसा तांब्यावर ठोकून अक्षराचा साचा तयार होई. मग शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस त्या साच्यात ओतला, की खिळा तयार. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडांना धातूची कूस राही. ती घासून खिळा सारखा करावा लागे. खिळा केसभर उंच राहिला तर कागदावर अक्षर दाबून उठे. केसभर बुटका झाला तर ते पुसट उमटे. कड वाकडी राहिली तर सगळी ओळच डगमगे. शिवाय इंग्रजीची मुळाक्षरे 26. आपल्या देवनागरीस मात्र काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागत.

पाहणारास हे काम हलके वाटेल. दिवसभर तेच तेच खिळे घासावयाचे, हात काळे करावयाचे! पण छापील पानाचा सारा नीटनेटकेपणा त्या घासण्यावर अवलंबून असे. जावजी याच कामातून पुढे गेले. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ देवनागरी खिळे सुबक व्हावेत म्हणून झटत होते. तेथे जावजींनी खिळे तयार करण्याची कला आत्मसात केली. पुढे मुंबईतील दुसऱ्या छापखान्यांत नोकरी करून त्यांनी आपला अनुभव वाढविला. शाळेतील विद्या त्यांस फारशी लाभली नाही. पण कारखाना हीच त्यांची शाळा झाली.

1864 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यात निष्णात असलेले कारागीर त्यांचे सहकारी होते. पाच वर्षांनी, 1869 साली, जावजींनी निर्णयसागर हा छापखाना सुरू केला. तेथील देवनागरी अक्षरांचे वळण इतके सुरेख होते, की छपाईच्या सौंदर्याविषयी बोलताना लोक निर्णयसागराचा दाखला देऊ लागले. 1886 सालापासून तेथून काव्यमाला निघू लागली व जुने संस्कृत ग्रंथ छापून विद्वानांच्या हाती पडू लागले. निर्णयसागरची पोथी म्हणजे शुद्ध व स्वच्छ छपाई, असा लौकिक झाला व तो युरोपातील पंडितांपर्यंत पोहोचला. 1892 साली जावजी वारले. ज्या मुलाने परिस्थितीमुळे पाटी खाली ठेवली, त्याच्या अक्षरांतून पुढे विद्वानांच्या पिढ्यांनी अध्ययन केले!

मुलांनो, यावरून एक गैरसमज मात्र करून घेऊ नका. मन लावून काम करणारा प्रत्येक जण मोठा कारखानदार होतो, असे नाही. कामाची गोडी असावी याचा अर्थ अन्याय निमूटपणे सोसावा, असाही नाही. कष्टाचे योग्य मोल मिळालेच पाहिजे व थकलेल्या शरीरास विसावाही हवाच. शिवाय आवडत्या कामातही कंटाळ्याचे दिवस येतात. गवयास रोज तेच स्वर घोटावे लागतात, शेतकऱ्यास तेच तण पुन्हा पुन्हा खुरपावे लागते. अशा दिवशी काम टाकून न देता त्यात आज काय सुधारता येईल, एवढाच प्रश्न स्वतःस विचारावा.

पुढे तुम्हांपैकी कोणी शेती कराल, कोणी यंत्रावर काम कराल, कोणी रुग्णांची सेवा कराल. कोणते काम वाट्यास येईल, हे नेहमीच आपल्या हाती नसते. परंतु ते काम डोळसपणे करावयाचे, की घंटेकडे कान लावून, हे मात्र आपल्याच हाती असते. त्याची सवय आजपासून लावता येते. फळा पुसताना कोपऱ्यात खडूची धूळ राहते काय, ते पाहा. वहीला पुठ्ठा घालताना कड सरळ दुमडा. काम लहान असले, तरी ते नीट करण्याची दृष्टी लहान नसते. ती ज्यास लाभली, त्यास हातातले कामच गुरू होऊन शिकवू लागते.