अंगठ्याची रांग

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर श्रावणातली सर नुकतीच ओसरली आहे. रेशन दुकानाच्या पत्र्यावरून पागोळ्या गळताहेत आणि त्यांच्या आतल्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, पंचवीसेक माणसं उभी आहेत. बहुतेक बायकाच. अगदी पुढच्या चार-पाच जागांवर मात्र नुसत्या पिशव्या ठेवलेल्या आहेत. एक सराफाच्या नावाची कापडी, एक खताची धुऊन घेतलेली, एक जुन्या पँटच्या कापडाची शिवलेली. पिशवीची मालकीण घरी भाताचं आधण ठेवून येईपर्यंत तिची जागा कुणी घेत नाही. हे कुठल्याच सरकारी कागदात लिहिलेलं नाही, आणि तरीही सगळ्यांत जास्त पाळलं जातं ते हेच.

दुकान उघडलंय, पण वाटप सुरू झालेलं नाही. ई-पॉस मशीनच्या पडद्यावर गोल चक्र फिरतंय.

"सर्व्हर नाय," दुकानदार सांगतो.

"काल पण नव्हता," रांगेतून आवाज येतो.

"मग मी काय करू, मावशी? मला धान्य घरात ठेवून काय करायचंय?"

तो खोटं बोलत नाही. त्याच्या मागे ५० किलोचे कट्टे छताला टेकायला आलेत. वरच्या कट्ट्याची सुतळी सुटलीय आणि फटीतून तांदूळ दिसतोय. माणसं आणि तांदूळ यांच्यात जेमतेम चार हात अंतर आहे. मधे ते यंत्र.

भिंतीवर रंगवलेला फलक आहे. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. दराच्या रकान्यात 'मोफत' लिहिलंय आणि त्या पांढऱ्या रंगाखालून जुने आकडे अजून डोकावताहेत, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यातले ते भाव जानेवारी २०२३ पासून पुसले गेले. कोपऱ्यात निळा पडलेला एक पिंप उपडा घातलाय. रेशनचं रॉकेल निळं रंगवलेलं असायचं, बाजारात गेलं तर ओळखू यावं म्हणून. आता त्या पिंपावर बसून एक आजी पायाला तेल चोळतेय.

रांगेतल्या तिघींच्या अंगावर एकाच जातीची साडी आहे. काठ तोच, पदरावरची वेल तीच, रंग तेवढे निराळे. अंत्योदय कार्डावर वर्षाला एक साडी मोफत द्यायची, ही योजना राज्याच्या २०२३ ते २०२८ या काळासाठीच्या वस्त्रोद्योग धोरणातून आली. यंत्रमागाला काम मिळावं आणि गरीब घरातल्या बाईला वस्त्र मिळावं असा दुहेरी हेतू. साड्या वाटल्या गेल्या त्याही रेशन दुकानांतूनच.

"कशी आहे साडी?" मी विचारते.

"बरी आहे की. पावसात लवकर सुकते," हिरवी नेसलेली सांगते. तिच्या शेजारची, जांभळी नेसलेली, थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, "रंग कुणी विचारला नाय. हातात आली ती घेतली. पण ही नेसून वाडीत कुणाच्या घरी पूजेला गेलं ना, की बघणाऱ्याला लगेच कळतं आमचं कार्ड कुठलं ते."

हे तिनं ज्या आवाजात सांगितलं तो तक्रारीचा नव्हता, म्हणून ते जास्त लागतं. सरकार गरज मोजू शकतं. माणशी किती किलो, घरटी किती वार, हे कागदावर बसतं. आवड तिथे बसत नाही. ज्या देशांनी माणसाच्या सगळ्याच गरजा कागदावर बसवायचा प्रयत्न केला, त्यांची गाडी अडली ती इथेच. सोव्हिएत रशियात कारखान्याला जोड्यांचं लक्ष्य दिलेलं असे, म्हणून जोडे भरपूर तयार होत आणि कुणाच्या पसंतीस न उतरता दुकानात पडून राहत. आणि पसंतीची वस्तू आली अशी कुणकुण लागली, की काय आलंय हे न विचारताच लोक आधी रांगेत उभे राहत.

रांगेच्या मध्यावर पांढरी टोपी घातलेले एक काका उभे आहेत. उमर सत्तरीच्या आसपास. तरुणपणी लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तो सुटायची वाट बघून बघून गावी आले आणि इथेच राहिले. या जिल्ह्यातल्या घराघराची ही गोष्ट. भातशेती वर्षाला पुरायची नाही, चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चूल चालायची. साम्यवाद रत्नागिरीत आला तोही त्याच वाटेनं. १९२८ साली गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची, आणि तिच्या सभांना बसणाऱ्यांत कोकणातली माणसं ढिगानं होती.

"आमच्या युनियनच्या हापिसात रशियाची मासिकं यायची," काका सांगतात. "गुळगुळीत कागद. 'सोव्हिएत देश'. गावी आलो की पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायला घेऊन यायचो. गव्हाची शेतं, ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाया, मोठाली दुकानं. त्या फोटोंत रांग म्हणून कधी दिसली नाय." थांबून पुढे म्हणतात, "पण आमचा विश्वास होता. कुणी उपाशी राहू नये ही गोष्ट खोटी कशी असेल?"

ती खोटी नव्हतीच. अण्णा भाऊ साठे १९६१ साली त्या देशात जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. वाटेगावातून पायी मुंबई गाठलेल्या माणसाला, भुकेची आणि जातीची झळ सोसलेल्या माणसाला, तिथल्या भाकरीच्या हमीचं मोल कळणं साहजिक होतं. त्या देशात चमच्याच्या दांड्यावर आणि कपाच्या बुडावर किंमत कारखान्यातच ठोकलेली असायची. मॉस्कोत असो की सैबेरियात, आकडा तोच. घासाघीस नाही, फसवणूक नाही. आपल्याकडे कंट्रोलच्या धान्यामागेही हीच इच्छा होती. मुंबईत २ मे १९४३ला रेशनिंग सुरू झालं ते युद्धकाळात, इंग्रजी अमलात. क्यूबात 'लिब्रेता' नावाची रेशनची वही १९६२ साली घरोघर गेली. चीनमध्ये १९५५ पासून जवळजवळ चार दशकं धान्याची कुपनं चालली, हॉटेलात भात किंवा पिठाचं काही खायचं तरी पैशाबरोबर कुपन काढून द्यावं लागे. लाल झेंड्याचं राज्य असो की तिरंग्याचं, भुकेपुढे उभं राहिलं की सरकारच्या हातात शेवटी वही, माप आणि रांग एवढंच येतं.

पिंपावरच्या आजी हे सगळं ऐकताहेत. "तुम्ही मिलो खाल्लात काय?" त्या मला विचारतात. मी नाही म्हणते. "लाल लाल दाणे. भाकरी थापायची म्हटली तर मोडायची. अमेरिकेतनं आलं म्हणायचे. मी दहा-बारा वर्षांची असेन. आईस म्हणायची, खा, नायतर ते पण जायचं." १९६५-६६च्या दुष्काळात पीएल-४८० करारातून आलेली ती ज्वारी. सकाळी भाताची पेज आणि नाचणीची भाकरी खाणाऱ्या घरात ती कशी उतरली असेल, ते त्यांच्या ओठांच्या मुरडीवरून दिसतं. आजही त्या तांदूळ हातात घेतल्याशिवाय पिशवी पुढे करत नाहीत.

आणि तांदळाबद्दल आज रांगेत शंका आहेच. "त्यात प्लास्टिकचे दाणे असतात," एक तरुण मुलगी सांगते, "पाण्यात टाकले की तरंगतात. चीनमधून येतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आहे." दुकानदार मान हलवतो, हे उत्तर तो रोज देत असणार. ते दाणे पोषणयुक्त तांदळाचे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रावर दाण्याचा आकार दिलेला, शंभर दाण्यांत एक या हिशेबानं मिसळलेला. रक्त कमी असलेल्या बायकांसाठी आणि मुलांसाठी हा खटाटोप. पण भिंतीवरच्या फलकावर त्याबद्दल एक ओळ नाही. कार्डावर मिळणारी वस्तू नाकारता येत नाही, दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या छापाची आणता येत नाही, आणि ती अशी का दिसते हेही कुणी सांगत नाही. मग अफवा शिरते. मला त्या मुलीचा राग येत नाही. ताटातल्या घासाबद्दल विचारणं हा तिचा हक्क आहे.

"आला, आला!" पुढून ओरड होते. मशीन सुरू झालंय. पिशव्यांच्या मालकिणी कुठून कुठून धावत येऊन आपापल्या पिशवीमागे उभ्या राहतात. कुजबुज थांबते. आता फक्त यंत्राचा आवाज. अंगठा ठेवा. परत ठेवा. पुसून ठेवा.

तिसऱ्या क्रमांकावर साठीच्या आतबाहेरची एक बाई आहे. डोकीवर पदर, हातात केशरी कार्ड, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. अंगठा ठेवते. यंत्र नाही म्हणतं. दुकानदार ओलं फडकं देतो, ती अंगठा पुसते, पुन्हा ठेवते. नाही. दुसरा हात. नाही. मधलं बोट. नाही.

"काजूच्या फॅक्टरीत होते," ती मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. तळवे उघडून दाखवते. बोटांची टोकं काळपट आणि गुळगुळीत आहेत. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, तेल लावा, वर्षानुवर्षं बी फोडणाऱ्या हातावर ते आपलं काम करतंच. तिच्या मागची कोळंबी सोलायला जाते. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात तासन् तास भिजलेली तिची बोटं आताच सुरकुतलेली दिसताहेत. तिच्याही मागचा भाऊ जांभ्याच्या खाणीवर चिरे उचलतो. या गावात पोटासाठी जे जे काम करावं लागतं ते ते काम बोटावरच्या रेषा खातं, आणि त्याच पोटाचं धान्य मिळायला त्याच रेषा मागितल्या जातात. या रांगेतली याहून मोठी अन्यायाची गोष्ट मला सांगता येणार नाही.

दुकानदार खालून दुसरं यंत्र काढतो, डोळ्याचं. नव्या मशीनबरोबर आलेलं. "इकडे बघा, मावशी. मिटू नका." ती डोळे ताणते. पाणी येतं. पदरानं पुसते, पुन्हा ताणते. हिरवी खूण उमटते. पावती सरसरत बाहेर येते. हमाल कट्ट्यात घमेलं खुपसतो, काट्यावर तांदूळ ओततो.

"किती?" ती विचारते.

"पंचवीस. तांदूळ आणि गहू मिळून."

"तीस. सहा माणसं आहेत."

"पाचच दाखवतंय. तुमच्या धाकट्याचं ई-केवायसी झालं नाय. नाव थांबलंय."

"तो मुंबईला आहे, गाडीवर. मेला नाय तो."

"मुंबईतल्या कुठल्याही दुकानात जाऊन अंगठा दिला तर होईल, मावशी. मोबाइलवर पण होतं, चेहरा दाखवून."

"त्याला हे कुणी कळवलं? मला कुणी कळवलं? फलकावर लिहिलंस काय तू?"

दुकानदार फलकाकडे बघतो. रांगेत एवढा वेळ 'लवकर आवरा' म्हणणारं कुणी आता तसं म्हणत नाही. असं विचारणं इथे नवं नाही. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर, एक समाजवादी आणि एक कम्युनिस्ट, महागाईविरुद्ध एकत्र येऊन थाळी-लाटणं घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढत होत्या. रेशनवर धान्य मिळालं पाहिजे आणि ते नीट मिळालं पाहिजे, हीच मागणी होती. लिब्रेता आणि कुपनांच्या देशांत वही घरोघर पोहोचली, पण दुकानात उभं राहून सरकारला असं मोठ्यानं विचारायची मुभा तिच्याबरोबर पोहोचली नाही. काजू फोडून हात जाळून घेतलेल्या या बाईकडे ती मुभा आहे आणि ती वापरायला ती कचरत नाही. माणशी पाच किलो धान्याइतकीच मला तीही मोलाची वाटते.

"लिहून दे," ती म्हणते. "काय करायचं, कुठे जायचं, कुठला कागद लागेल. मी आज संध्याकाळी पोराला फोटो पाठवते."

"मावशी, मागे रांग बघा..."

"लिहून दे रे तिला," काका मागून म्हणतात.

"माझ्या नवऱ्याचं पण झालं नाय," जांभळ्या साडीवाली पुढे होते. "मला पण दे लिहून."

"आणि तांदळाचं पण लिही," ती तरुण मुलगी म्हणते, "फलकावर, मोठ्या अक्षरात."

दुकानदार कपाळावरचा घाम पुसतो, पावत्यांच्या गठ्ठ्याखालून एक कोरा कागद ओढतो आणि पेन शोधायला लागतो. पिंपावरच्या आजी उठतात, कनवटीला खोचलेलं बॉलपेन काढून त्याच्यापुढे धरतात.

"शाई आहे," त्या म्हणतात. "लिही."