खिळ्याने केलेलं मतदान

पहाटे साडेचार

इंडोनेशियातल्या मध्य जावातलं कुठलंही गाव घ्या. तारीख ७ जून १९९९, वार सोमवार. फजरची अजान संपते न संपते तोच केंद्राध्यक्ष अंगणात येऊन उभे राहतात. ते गावच्या प्राथमिक शाळेतले मास्तर. निवडणुकीचं काम शिक्षकाच्या गळ्यात पडणं हा काही फक्त आपल्याकडचाच रिवाज नाही. १९९७ साली हेच मास्तर याच कामावर होते, १९९२ सालीही होते. तेव्हा त्यांना झोप बरी लागायची, कारण निकाल सगळ्यांनाच ठाऊक असायचा.

राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत १९७१ ते १९९७ या काळात सहा निवडणुका झाल्या आणि सहाही गोलकार या सरकारी पक्षाने जिंकल्या. शेवटच्या खेपेला चौऱ्याहत्तर टक्क्यांवर मतं घेऊन. १९७७ पासून पक्ष तीनच, त्यातले दोन शोभेचे. सरकारी नोकराने मत गोलकारलाच द्यायचं, यावर चर्चा नव्हती. मग १९९७-९८ साली रुपिया हे तिथलं चलन कोसळलं, तांदूळ-तेलाचे भाव भडकले, जकार्तात त्रिशक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात मेले, शहर पेटलं, आणि २१ मे १९९८ रोजी सुहार्तो पायउतार झाले. त्याला आता वर्ष होऊन गेलंय. इंडोनेशियात याआधीची मोकळी निवडणूक झाली होती १९५५ साली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा ही वेळ. मास्तर तेव्हा जन्मले तरी होते की नाही कोण जाणे.

पाच

गल्लीच्या तोंडाशी बांबूची लाल रंगवलेली खोपटी आहे. विरोधी नेत्या मेगावती सुकर्णोपुत्रींच्या पक्षाची. आत रात्रभर जागलेली पोरं लवंगेच्या सिगरेटी ओढत बसलीयत. त्यांनी पहारा धरलाय तो ‘पहाटेच्या हल्ल्या’वर, म्हणजे मतदानाच्या दिवशी अंधारात दारोदार पाकिटं वाटण्यावर. आपल्याकडे ज्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात, तेच.

असं खोपटं दोन वर्षांपूर्वी या गावात उभंच राहू शकलं नसतं. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात खेड्यातल्या माणसाने राजकारणात पडू नये, ‘तरंगतं’ राहावं, असं सुहार्तोंचं धोरण होतं. पक्षांना जिल्ह्याच्या खाली शाखा काढायला बंदी. गोलकारला मात्र शाखेची गरजच नव्हती, गावचा मुखिया हीच त्याची शाखा.

सहा

मंडप काल रात्रीच घातलाय. बांबू, ताडपत्री, कडेला नारळाच्या कोवळ्या पानांचं तोरण. लग्नघरासारखा थाट आहे आणि तो मुद्दामच आहे, कारण सुहार्तोंच्या काळापासून निवडणुकीला ‘लोकशाहीचा सोहळा’ म्हणायची पद्धत पडली. नाव जुनंच राहिलंय. मंडप, खुर्च्या, हिरव्या गणवेशातले नागरी संरक्षण दलाचे पहारेकरी, हेही सगळं जुनंच.

मास्तर मतपत्रिका मोजतात. पत्रिका तीन: एक राष्ट्रीय संसदेची, एक प्रांताची, एक जिल्ह्याची. प्रत्येकीवर अठ्ठेचाळीस चिन्हं. तीन पक्षांवरून एकदम अठ्ठेचाळीसवर उडी! वड गोलकारचा, काबा जुन्या तिघांतल्या पीपीपीचा, नऊ तारे मिरवणारा पृथ्वीगोल अब्दुर्रहमान वाहिदांच्या पीकेबीचा, सूर्य अमीन राईस यांच्या पॅनचा. काळ्या बैलाचं तोंड मात्र एकाहून अधिक पक्षांनी घेतलेलं. मेगावतींचा बैल गोलातला, ११ क्रमांकाचा. ज्या जुन्या पक्षातून सरकारने १९९६ साली त्यांना हुसकावलं त्याच्याकडेही बैलच. वाचता न येणाऱ्या म्हातारीने यातला आपला बैल कसा ओळखायचा, याची काळजी गेले कित्येक आठवडे लाल खोपटीतल्या पोरांना लागून राहिली होती.

बांबूच्या आडोशामागे फळी, फळीवर मऊ गादी, आणि दोरीला बांधलेला एक खिळा. हेच मत द्यायचं हत्यार. शिक्का नाही, पेन नाही. आवडत्या चिन्हाला खिळ्याने भोक पाडायचं. निरक्षरालाही जमतं आणि मागे हस्ताक्षर राहत नाही.

आठ

मास्तर तिन्ही रिकाम्या पेट्या उलट्या करून दाखवतात, मग कुलूप, मग सील. ‘नीट बघा,’ असं ते दोनदा म्हणतात. बघणारे या खेपेला पुष्कळ आहेत. पक्षांचे साक्षीदार बाकावर दाटीवाटीने बसलेत. शिवाय गळ्यात ओळखपत्र घातलेली दोन कॉलेजची मुलं आहेत, कुलगुरूंनी उभारलेल्या ‘फोरम रेक्टर’ या निरीक्षक संघटनेची. ज्या विद्यार्थ्यांनी वर्षापूर्वी संसदेच्या छतावर चढून राजीनामा मागितला, त्यांच्याच पिढीतली ही पोरं आता वहीत पेट्यांचे क्रमांक लिहून घेतायत. हे काम कंटाळवाणं आहे. माझ्या मते क्रांतीतलं सगळ्यात अवघड कामही हेच.

नाव पुकारलं जातं. मतदार पुढे येतो, यादीवर खूण होते, तीन पत्रिका घेऊन तो आडोशामागे जातो. पत्रिका चांगली ऐसपैस. उलगडायची, चिन्ह शोधायचं, टोचायचं, पुन्हा घडी घालायची, तीनदा. तीन पेट्यांत तीन घड्या टाकायच्या आणि बाहेर पडताना बोट शाईच्या बाटलीत बुडवायचं. आपल्याकडे नखावर रेघ ओढतात, इथे बोटच बुडवतात.

पहिल्या तासाला रांग मंडपाबाहेर रस्त्यावर जाते. कुणी कुरकुरत नाही.

दहा ते एक

गर्दी ओसरते. मुखिया येऊन मत देऊन जातो. मागच्या वेळी तो दिवसभर मंडपात ठाण मांडून बसला होता. आता तो घरी निघून जातो, कारण सरकारी नोकरांनी पक्षापासून लांब राहावं असा नियम यंदा आलाय. मास्तरांनाही तो लागू आहे. त्यांनी कुणाला मत दिलं हे त्यांच्या बायकोलाही कळलेलं नाही, असं त्या शेजारणीला हसत सांगतात.

याच वेळी जकार्तात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर केंद्रं बघत फिरतायत, त्यांच्या संस्थेचे आणि सोबतच्या दुसऱ्या संस्थेचे मिळून शंभरेक परदेशी निरीक्षक देशभर पसरलेत. या गावात त्यांच्यापैकी कुणी येत नाही. उत्तर सुमात्रापलीकडे आचेमध्ये काही जिल्ह्यांत बहिष्कारामुळे केंद्रं ओस पडलीयत. इथे मात्र केळीच्या पानात बांधलेला भात आणि गोड चहा येतो. केंद्रावरची माणसं पाळीपाळीने जेवतात.

दोन

वेळ संपली. मास्तर यादी मिटतात आणि उरलेल्या कोऱ्या पत्रिका मोजून बाजूला बांधून ठेवतात. जेवून घरी गेलेली माणसं परत येऊ लागतात, येताना पोरंबाळं, चटया, शेंगदाणे घेऊन येतात. मतदानाच्या वेळेपेक्षा आता गर्दी जास्त.

अडीचपासून पुढे

मोजणी इथेच होते, याच मंडपात, याच माणसांच्या हातून. आपल्याकडे पेट्या किंवा यंत्रं सील करून दूर कुठल्याशा गोदामात नेतात, पहारा बसवतात आणि मोजणी दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या दिवशी होते. इंडोनेशियात मतपेटी गावाबाहेर पडण्याआधी गावाला आपला निकाल कळतो.

पेटी उघडली जाते. मास्तर एक पत्रिका घेतात, घडी उलगडतात, दोन्ही हातांनी डोक्यावर धरतात. दुपारच्या उन्हाकडे पाठ असल्यामुळे कागदातून भोकाएवढा उजेड आरपार दिसतो. सगळ्यांच्या नजरा त्या ठिपक्यावर. मास्तर ओरडतात, ‘अकरा!’ मागून दणका बसतो, ‘साह!’ म्हणजे वैध. मोठ्या कागदावर एक जण खडूऐवजी मार्करने रेघ ओढतो. चार उभ्या, पाचवी आडवी. ‘तेहतीस!’ वडाला मत. थोडी हुर्यो होते. गोलकारचा साक्षीदार मान खाली घालून वहीत लिहीत राहतो. ‘पस्तीस!’ पीकेबी. ‘अकरा!’ ‘अकरा!’ ‘नऊ!’

सावकाश चालतं सगळं. एका पत्रिकेला अर्धा मिनिट धरलं तरी पेट्या तीन आहेत. एका पत्रिकेवर भोक दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलंय. लाल खोपटीतला पोरगा उठून जवळ येतो, म्हणतो, ‘बैलाकडे झुकलंय, मास्तर.’ मास्तर कागद डोळ्यांजवळ नेतात, दूर धरतात, बाकावरच्या साक्षीदारांना एकेक करून दाखवतात. दहा मिनिटं खल होतो. शेवटी बाद. पोरगा जागेवर बसतो. तोंड पाडून, पण बसतो.

पत्रिका उजेडात धरून दाखवायची ही पद्धत सुहार्तोंच्या काळातही होती. खिळा होता, पेट्या होत्या, रेघाही होत्या. फरक बाकावर बसलेल्यांचा आहे. तेव्हा कित्येक केंद्रांवर विरोधी पक्षांचे साक्षीदार फिरकायचेच नाहीत, आणि आकडा गावातून निघून वर जाता जाता कुठे फुगतो हे विचारायची सोय नव्हती. १९९७ साली मदुरा बेटावरच्या साम्पांगमध्ये लोकांनी मतपेट्या पेटवल्या होत्या, त्या याच रागातून. राजवट पडली म्हणजे सगळी यंत्रणा नवी आणावी लागते, अशी एक समजूत असते. या मंडपात बसून पाहिलं तर ती खरी वाटत नाही. तोच मास्तर, तोच खिळा. फक्त आता कुणीतरी समोर बसून त्याच्या हाताकडे बघतंय, आणि मास्तरांना ते बघणं हवंसं वाटतंय. अंगावर आळ येणार नाही, एवढा त्यात त्यांचा स्वार्थ.

संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडतो. संसदेची पेटी संपलीय. इथे बैल बराच पुढे आहे. मध्य जावात त्याचाच जोर आहे. पोरं नाचतात. देशभराचा निकाल लागेल तेव्हा मेगावतींच्या पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि १५३ जागा मिळालेल्या असतील. गोलकार संपलेला नसेल, २२.४ टक्के मतं आणि १२० जागा घेऊन दुसरा उभा असेल. लोकांच्या मतावर निवडून येणाऱ्या जागा ४६२, आणि सैन्यासाठी न निवडता राखून ठेवलेल्या अजूनही ३८. राष्ट्राध्यक्ष तर ऑक्टोबरात लोकप्रतिनिधींची महासभा निवडणार, आणि तिथे मेगावती ३१३ विरुद्ध ३७३ मतांनी वाहिदांकडून हरणार. नाचणाऱ्या पोरांना यातलं काहीच माहीत नाही.

दिवा लावून प्रांताची पेटी उघडली जाते. गर्दी निम्मी उरलीय. ‘साह’ आता पुटपुटल्यासारखं येतं. मास्तरांचा आवाज बसलाय, म्हणून पुकारायचं काम दुसऱ्याकडे दिलंय.

रात्री दहानंतर

तिसरी पेटी संपते. बेरजा जुळेनात, एक मत जास्त येतंय. पुन्हा रेघा मोजतात. चूक सापडते, एका ठिकाणी पाचवी आडवी रेघ दोनदा ओढली गेलीय. तक्ते भरले जातात, साक्षीदार सह्या करतात, गोलकारचाही करतो. कॉलेजची मुलं आकडे उतरवून घेतात. मग पेट्या छोट्या ट्रकवर चढतात आणि तालुक्याच्या कचेरीकडे निघतात. मागोमाग मोटरसायकलींवर पक्षांचे कार्यकर्ते, पेटी नजरेआड होऊ नये म्हणून.

मध्यरात्री, जकार्ता

आर्यदुता हॉटेलात पत्रकारांसाठी मोठमोठे पडदे आणि संगणक मांडलेत. पडद्यावरचे आकडे मुंगीच्या पावलांनी हलतायत. दिवस उलटले तरी ते तसेच हलत राहतील, आणि संशय वाढत जाईल की वर काहीतरी शिजतंय. वैध मतं साडेदहा कोटींहून जास्त. ती हजारो बेटांवरून, तक्त्यावरून तक्त्यावर उतरत वर यायची होती.

निवडणूक आयोगात त्रेपन्न सभासद: पाच सरकारचे आणि अठ्ठेचाळीस पक्षांचा एकेक. जुलैअखेरीस निकालावर सह्या करायची वेळ आली तेव्हा सत्तावीस पक्षांच्या प्रतिनिधींनी नकार दिला. त्यातल्या पुष्कळांच्या पक्षाला एकही जागा मिळालेली नव्हती. गावोगावच्या मंडपांत ज्या कामाला एक रात्र लागली, तेच राजधानीत अडून बसलं. अखेर ऑगस्टच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष हबीबींनी स्वतःच्या अधिकारात निकाल पक्का केला. हबीबी म्हणजे सुहार्तोंनी पसंत केलेले उपराष्ट्राध्यक्ष, त्यांच्या राजीनाम्यानंतर खुर्चीवर आलेले. ज्या निकालावर त्यांनी सही केली त्यात त्यांचा स्वतःचा पक्ष, गोलकार, हरला होता.