पुराच्या बोटीची कडी कशी चिकटवतात?



आपल्या कृष्णाकाठाला २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी रस्ते बुडतात आणि बोटच कामाला येते. आपल्या गावची हवा भरायची रबरी बोट सर्वांनी पाहिली आहे. तिच्या दोन कड्या निघाल्या होत्या. माझे तात्या (चुलते) पंक्चर काढण्याचे काम करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी त्या कड्या पुन्हा बसवल्या. मी शेजारी बसून सगळे पाहिले आणि वहीत लिहून घेतले. तीच माहिती इथे देत आहे.

कडी कशाला हवी?

बोटीच्या बाहेरच्या बाजूने एक दोरी फिरवलेली असते. पाण्यात पडलेला माणूस ती दोरी धरतो. ती दोरी कड्यांमधून ओवलेली असते. कडी इंग्रजी डी अक्षरासारखी असते, आणि ती रबरी कापडाच्या गोल पट्टीत अडकवलेली असते. बोटीला भोक पाडून स्क्रू बसवता येत नाही, कारण आत हवा असते. म्हणून ती पट्टी नुसती चिकटवलेली असते. माणसाचा जीव दोरीवर, दोरी कडीवर आणि कडी चिकटवणीवर! म्हणून हे काम नीट झाले पाहिजे.

आधी कापड ओळखावे

अशा बोटी मुख्यतः दोन प्रकारच्या कापडाच्या असतात. एक पीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेले. दुसरे हायपलॉनचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचा थर दिलेले. हायपलॉन हे नाव अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने ठेवले. कंपनीने ते बनवणे २०१० साली बंद केले. तसेच रबर आता दुसरे कारखाने बनवतात, पण लोक जुनेच नाव घेतात.

पीव्हीसी बहुधा चकचकीत आणि गुळगुळीत लागते. हायपलॉन मंद दिसते. पॉलिश पेपरने घासले की त्याची बारीक पूड निघते. ओळख का हवी? दोघांचे सोल्युशन वेगळे असते. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचे आणि हायपलॉनला निओप्रीनचे लागते. एकाचे दुसऱ्याला लावले तर आज चिकटल्यासारखे वाटते आणि पुरात निघते. आपली बोट हायपलॉनची आहे. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन तिला चालत नाही. तात्यांनी दोन डब्यांचे सोल्युशन आणले. एका डब्यात चिकटद्रव्य आणि छोट्या बाटलीत ते घट्ट करणारे औषध. दोन्ही मिसळले की थोड्याच वेळात वापरावे लागते, उरलेले फुकट जाते. म्हणून लागेल तेवढेच कालवायचे.

निघालेली पट्टी काय सांगते?

तात्यांनी जुनी पट्टी टाकून दिली नाही. ते म्हणाले, "अगं, हिलाच विचारायचं का निघाली ते." पट्टीवर सोल्युशनचा पूर्ण थर होता आणि बोटीवर काहीच नव्हते. म्हणजे सोल्युशन बोटीला धरलेच नव्हते. बोट घासलेली नव्हती किंवा तिथे ओल वा तेलकटपणा होता. दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे सोल्युशन असते, तर सोल्युशनच जुने होऊन फाटले असे समजले असते. ती पट्टी या कागदाच्या खाली टाचणीने लावली आहे. हात लावून पाहा.

जुने सोल्युशन काढणे

दुसरी कडी अर्धी निघाली होती. ती ओढून काढली तर बोटीचे कापड फाटेल. म्हणून तात्यांनी गरम हवेच्या यंत्राने पट्टी हळूहळू शेकली. गरम झाल्यावर सोल्युशन मऊ होते. मग बोथट पट्टीने कोपरा उचलून थोडे थोडे सोलायचे. यंत्र एका जागी धरायचे नाही. बोटीचे मूळ जोडही चिकटवलेलेच असतात, ते सुटतील.

राहिलेल्या सोल्युशनवर टोल्युइन नावाच्या द्रवाचा फडका फिरवला. ते मऊ झाल्यावर बोटाने चोळले की मळासारख्या गोळ्या होऊन निघते. जुन्या थरावर नवे सोल्युशन लावू नये, कारण खालचा सुटला की वरचा त्याच्याबरोबर जातो. रॉकेलने पुसू नये, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

हे द्रव पेट घेतात आणि त्यांचा वास डोक्यात जातो. म्हणून काम उघड्यावर, चूल आणि विडीकाडीपासून लांब केले. तात्यांनी हातमोजे घातले होते. मला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवले. मुलांनी हे काम करायचे नाही, फक्त बघायचे.

चिकटवण्याची रीत

१. बोटीत हवा भरून कडीची जागा पेन्सिलने आखावी. मग हवा सोडून ती जागा फळीवर सपाट पसरावी.

२. आखलेल्या गोलाभोवती कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे सोल्युशन बाहेर जात नाही.

३. बोट आणि पट्टी, दोन्ही पॉलिश पेपरने घासावी. चमक गेली पाहिजे, पण आतले सूत दिसता कामा नये.

४. पूड झटकून टोल्युइनने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग बोट लावायचे नाही. हाताचा घामही नडतो.

५. दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ थर द्यावा. सुमारे अर्धा तास वाळू द्यावा. मग दुसरा पातळ थर द्यावा.

६. दुसरा थर बोटाच्या मागच्या बाजूने तपासावा. चिकट लागला पाहिजे, पण तार निघता कामा नये. डब्यावर लिहिलेली वेळ पाळावी.

७. पट्टी मधून टेकवून कडेकडे दाबत जावी, म्हणजे हवा आत अडकत नाही. एकदा टेकवल्यावर सरकवता येत नाही. मग छोट्या रुळाने जोर लावून दाबावे.

८. निदान एक दिवस हवा भरू नये. पूर्ण ताकद यायला सहा-सात दिवस लागतात.

मी विचारले, "तात्या, ओलं असतानाच चिकटवलं तर लवकर नाही का होणार?" ते म्हणाले, "सोल्युशनमधला द्रव उडून जायला पाहिजे. आत कोंडला तर बुडबुडे होतात. वाळू दे की!" पंक्चर काढतानाही ते असेच थांबतात.

हे काम पावसाळ्यात का करत नाहीत? हवेतली ओल सोल्युशनवर बसते आणि पकड कमी होते. कडक उन्हातही करू नये, वरचा थर लगेच सुकतो. म्हणून मे महिन्यात, सकाळी, सावलीत. मृग लागायच्या आत बोट तयार पाहिजे.

एक सोपा प्रयोग

या भित्तिपत्रकाचे कागद आपण खळीने चिकटवतो. कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून खळीने चिकटवा. वाळल्यावर दोन्ही टोके धरून सरळ ओढा. जोड सहसा सुटत नाही. आता टोक वर उचलून सोला. लगेच निघते! सरळ ओढताना सगळ्या जागेवर जोर वाटला जातो. सोलताना तो फक्त कडेच्या एका रेषेवर येतो.

बोटीचेही तसेच. कडी बोटीच्या अंगाला धरून ओढली तर पुष्कळ भार घेते. सरळ बाहेर उपटली तर कड सुटू लागते. पट्टी गोल असते तीही याचसाठी, कारण कोपरा आधी उचलतो. म्हणून बोट उचलताना एका कडीला लटकू नये. चौघांनी खालून धरावी.

शेवटची तपासणी

सात दिवसांनी हवा भरून साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही. बोटीत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. प्रत्येक कप्पा वेगळा तपासला. मग दोरी ओवून दोघांनी ओढून पाहिली. कड्या हलल्या नाहीत.

पालकांना विनंती आहे, की पाऊस सुरू झाला की बोटीच्या कड्या एकदा हाताने चाचपून पाहाव्यात. कड उचललेली दिसली तर लगेच सांगावे. पूर आल्यावर सोल्युशन वाळायला वेळ मिळत नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी