लहान मोटारसायकलींतील कार्ब्युरेटर व इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जो ऊस तोडतात, त्यापासून साखरेबरोबरच इथेनॉलही तयार होते आणि पेट्रोलमध्ये मिसळून ते गावोगावच्या मोटारसायकलींच्या टाकीत येते. मका व तांदळापासूनच्या इथेनॉलचीही त्यात भर पडते. 2025 साली या मिश्रणाचे प्रमाण देशात 20 टक्क्यांवर पोहोचले. इंधन बदलले, परंतु जुन्या गाडीतील कार्ब्युरेटरला त्याची जाणीव होत नाही. प्रस्तुत लेखात या फरकाचा विचार केला आहे.

कार्ब्युरेटरचे तत्त्व साधे आहे. हवा निमुळत्या नळीतून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि वाटीतील पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रातून ओढले जाते. छिद्राचे माप कारखान्यात ठरलेले असते. वजनाने 1 भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9 भाग पुरते. 20 टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण सुमारे 13.5 येते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक हवे, पण जेट जवळजवळ पूर्वीइतकेच देते. मिश्रण विरळ होते, थंड इंजिन सुरू होण्यास कुरकुरते. मेकॅनिक बहुधा हवेचा स्क्रू फिरवितात. त्याचा परिणाम मात्र मुख्यतः गाडी उभी असताना चालणाऱ्या इंजिनावर होतो. वेगात असतानाचा दोष काढावयाचा तर सुईची उंची वा मुख्य जेटच बदलावे लागते.

अंतःक्षेपणात पंप इंधनाला दाब देतो व इंजेक्टर किती काळ उघडा राहावा हे संगणकीय नियंत्रक ठरवितो. धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर ज्वलनानंतर उरलेला प्राणवायू मोजतो आणि नियंत्रक त्यानुसार इंधन वाढवितो. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय 2006 मध्येच आली होती; लहान गाड्यांत ही पद्धत सर्रास झाली ती 1 एप्रिल 2020 रोजी भारत स्टेज-6 निकष लागू झाल्यावर.

तथापि हंगामात गाडी महिनोन्‌महिने गावी उभी राहिली, तर दोन्हींची अडचण निराळी. कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून चिकट थर जेट बुजवितो. कॉक बंद करून वाटी रिकामी केल्यास हे टळते. अंतःक्षेपणाच्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली, तर किक असूनही बहुधा उपयोग होत नाही, कारण पंपच फिरत नाही. जाण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवणे एवढाच त्यावर घरगुती उपाय आहे.