बिनतारी जोडणीचे मर्म



जांब समर्थ या समर्थ रामदासस्वामींच्या जन्मग्रामी एका विद्यार्थिनीने मला विचारले, "साहेब, मोबाइल तुमच्या हातात आणि आवाज त्या डब्यातून! मधे तार नाही, मग गाणे जाते कशातून?" प्रश्न उत्तम होता. 'ब्लूटूथने जाते' असे म्हणणे हे त्याचे उत्तर नव्हे. ते केवळ नाव सांगणे झाले. विद्यार्थ्यांस उत्तर देता यावे, एवढ्यासाठी हे टिपण.

आकाशवाणीचे कार्यक्रम ज्या विद्युतचुंबकीय लहरींवरून घरोघरी येतात, त्याच जातीच्या लहरी येथेही काम करतात. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरींनी, तारेवाचून, दूरची घंटा वाजवून दाखविली होती. भेद आहे तो शक्तीचा. ब्लूटूथच्या सामान्य यंत्रातून निघणारी शक्ती सुमारे २.५ मिलिवॅट, म्हणजे ९ वॅटच्या दिव्यास लागणाऱ्या शक्तीचा ३६०० वा भाग असते. म्हणून तिचा पल्ला बहुधा १० मीटर, एका मोठ्या वर्गखोलीएवढा असतो. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामास आरंभ झाला. १९९८ साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन त्यास दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅरल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव दिले. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र केल्या. हे तंत्र विखुरलेली यंत्रे जोडते.

परंतु एकाच खोलीत अनेक यंत्रे बोलू लागली तर गोंधळ होणार नाही काय? यासाठी मूळ पद्धतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ७९ भाग केलेले असून, जोडलेली दोन्ही यंत्रे एका सेकंदात १६०० वेळा, ठरलेल्या क्रमाने, भाग बदलतात. हे वर्गात सहज दाखविता येईल. अंगणात दहा वर्तुळे आखून त्यांना क्रमांक द्यावेत. दोन विद्यार्थ्यांस क्रमांकांची एकच यादी द्यावी. प्रत्येक टाळीस दोघांनी यादीतील पुढच्या वर्तुळात जावे व तेथे वाक्यातील एकच शब्द सांगावा. दुसरी जोडी निराळी यादी घेऊन त्याच वेळी खेळेल. क्वचित धक्का लागेल, तो शब्द पुन्हा सांगावा लागेल. पण दोन्ही वाक्ये पोहोचतील.

हा क्रम गोंधळ टाळतो. कुलुपाचे काम मात्र 'ओळख' करते. प्रथम जोडणीच्या वेळी दोन्ही यंत्रांत एक गुप्त संकेत सिद्ध होऊन साठविला जातो. पुढे ती जवळ आली की एकमेकांस आपोआप ओळखतात. या सोयीतच धोका आहे. एका शाळेत परिपाठाच्या वेळी, प्रतिज्ञा चालू असता, ध्वनिक्षेपकातून अकस्मात चित्रपटगीत सुरू झाले. मुले हसू लागली, मुख्याध्यापक ओशाळले आणि दोष बिचाऱ्या यंत्रास दिला गेला. चौकशीअंती कळले की, तो ध्वनिक्षेपक आदल्या आठवड्यात हळदीच्या कार्यक्रमास नेला होता. शेजारच्या घरातील एका तरुणाचा मोबाइल तेव्हापासून त्याच्या ओळखीचा झाला होता. यंत्राने चूक केली नव्हती. आपण जुनी ओळख पुसली नव्हती.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात. शाळेचे यंत्र बाहेरून परत आल्यावर त्यातील जुन्या जोडण्या पुसून टाकाव्यात. अनोळखी नावाने आलेली जोडणीची विनंती नाकारावी. आपल्या मोबाइलमध्ये विद्यार्थ्यांची माहिती व छायाचित्रे असतात. काम संपल्यावर ब्लूटूथ बंद ठेवावे. आवाज तुटू लागल्यास यंत्र बिघडले असे मानण्यापूर्वी मोबाइल खिशातून बाहेर काढून समोर धरावा. शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून दाटीने उभ्या मुलांमधून त्या क्षीण होतात.

त्या विद्यार्थिनीस मी एवढेच सांगितले की, तार नाही, पण लहर आहे. आणि लहर सर्वांना लाभत असली तरी तिचा अर्थ ओळख असलेल्यासच कळतो. यंत्र शाळेत आले की त्याचा उपयोग शिकवावाच, पण त्यामागील कारणही सांगावे. कारण कळलेले मूल यंत्रास चमत्कार मानीत नाही, आणि त्याला भीतही नाही.